जीएसपीचा कान बरा होऊन परत का बिघडतो? घरच्या तपासण्या आणि डॉक्टरांकडे जायची वेळ

जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, म्हणजे जीएसपी जातीचा कुत्रा पाळणाऱ्या घरांतून पावसाळा लागला की एकच तक्रार येते: "कान परत सुरू झाला." मागच्या खेपेला थेंब घातले, आठवड्यात बरं वाटलं, उरलेली बाटली कपाटात गेली. जुलै उजाडला की तोच आंबूस वास आणि रात्री-बेरात्री तीच डोकं झटकण्याची फटफट. ही जात मी बरीच वर्षं सांभाळते आहे. माझ्या आणि ओळखीतल्या कुत्र्यांचे असे कान निस्तरता निस्तरता एक गोष्ट पक्की झाली आहे. थेंबांनी कानातले जंतू मरतात, पण त्यांना वाढायला ज्याने वाव दिला ते कारण तिथेच राहतं. ते सापडेपर्यंत कान परत बिघडणारच.

म्हणून खालचा क्रम कारण शोधण्याचा आहे. सुरुवातीच्या तपासण्यांना पैसा लागत नाही, शेवटच्यांना भूल आणि ऑपरेशन लागतं. मी जनावरांची डॉक्टर नाही, त्यामुळे आपण कुठे थांबायचं हे मी जास्त ठळकपणे लिहिलं आहे. इंग्लिश पॉइंटर, सेटर, वायमरानर, विझ्ला यांनाही यातलं बहुतेक लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे तसं सांगते.

कानाची रचना आणि या जातीची आवड

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणाच्या पलीकडे असतो. पाणी, मळ, गवताचं कुसळ, जे काही आत जातं ते वळणावर अडकतं आणि कुत्र्याने कितीही डोकं झटकलं तरी सगळं बाहेर पडत नाही. वरून लोंबती पाळी झाकणाचं काम करते. आत ऊब आणि ओल, वारा नाही.

त्यात जीएसपी पाण्याचा वेडा. जर्मन शिकाऱ्यांनी तो मुद्दाम तसा घडवला: माळावर पक्ष्याचा वास लागताच एक पाय उचलून पॉइंट धरेल, म्हणजे त्याच्या दिशेने तोंड करून स्तब्ध उभा राहील, आणि तोच कुत्रा पाण्यात पडलेलं बदक पोहत जाऊन उचलून आणेल. त्याच्या बोटांमधे पोहायला उपयोगी कातडी असते. कालवा, ओढा, धरणाचा काठ दिसला की तो विचारत बसत नाही. आणि जमिनीवर असला की नाक गवतात खुपसून चालतो. एका बाजूने पाणी, दुसऱ्या बाजूने कुसळ. कानाला उसंत मिळत नाही.

जाता जाता एक सांगते, कानाशी संबंध नसला तरी. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही उतरू देऊ नका. कागद निसरडा असतो, उत्तम पोहणारा कुत्राही काठावर चढू शकत नाही आणि दमून बुडतो.

लक्षणं

- डोकं पुन्हापुन्हा झटकणं, विशेषतः झोपेतून उठल्यावर.
- मागच्या पायाने कान खाजवणं, कान गादीला, सोफ्याला, भिंतीला घासणं.
- पाळी उचलताच आंबूस किंवा कुजका वास.
- आतली कातडी लाल, गरम, जाड. तपकिरी, पिवळा किंवा हिरवट स्राव.
- पट्टा घालताना मान चोरणं, कानाजवळ हात गेला की गुरगुरणं.
- शिट्टी किंवा हाक ऐकून न ऐकल्यासारखं करणं.

शेवटच्या लक्षणाला बरेच जण हट्टीपणा समजतात. पॉइंटर कामाच्या वेळी कान बंद करून घेतो हे खरं, पण घरात, जेवणाचं भांडं वाजवूनही मान वळली नाही तर आधी कान बघा.

इथे काहीच करू नका, थेट डॉक्टर गाठा

पुढचं काही दिसलं तर घरगुती तपासणीत वेळ घालवू नका. मान एका बाजूला कललेली राहणं, गोल गोल फिरणं, तोल जाऊन पडणं, डोळ्यांची बुबुळं थरथरणं, चेहऱ्याची एक बाजू ओघळणं: हा त्रास पडद्याच्या आत, मधल्या किंवा आतल्या कानात पोहोचल्याचा इशारा असू शकतो. कानातून रक्त येणं, तोंड उघडताना किंवा चावताना किंचाळणं, जेवण सोडणं, ताप येणं, हेही त्याच दिवशी दाखवायचं. कुत्र्याचं तापमान गुदद्वारातून मोजतात आणि ते साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. माणसाच्या हिशेबाने ते ताप वाटतं, कुत्र्यासाठी तेच नेहमीचं.

पाळी अचानक फुगून मऊ, गरम झाली असेल तर झटकून झटकून आतली रक्तवाहिनी फुटली आहे आणि कातडी व कूर्चा यांच्यामधे रक्त साठलं आहे. घरी सुई टोचू नका. रक्त परत भरतं, जंतू आत जातात आणि नीट उपचार झाला नाही तर पाळी कायमची चुरगळते.

पाळीच्या जखमेत अळ्या पडल्या असतील तर फिनेल, टर्पेंटाइन, पेट्रोल यातलं काहीही ओतू नका. आपल्याकडे खेड्यापाड्यांत हा उपाय सर्रास करतात. अळ्या मरतात, पण कातडी जळते, आणि नळीत गेलेला थेंब पडद्यापर्यंत पोहोचतो.

पहिली तपासणी: एक कान की दोन्ही

याला फक्त डोळे लागतात, आणि निम्मी दिशा इथेच कळते. फिरून आल्यावर अचानक एकाच कानाची तक्रार सुरू झाली तर कुसळ, गोचीड किंवा आत गेलेली दुसरी एखादी वस्तू. म्हाताऱ्या कुत्र्याचा एकच कान महिनोन्‌महिने वाहत असेल तर आत गाठ वाढलेली असू शकते. दोन्ही कान एकदम किंवा आळीपाळीने बिघडत असतील तर कारण बहुधा कानाबाहेर आहे: ॲलर्जी, सतत पाणी, कधी थायरॉइड. दोन्ही कानांच्या कुत्र्याला नुसते थेंब घालत राहिलात तर पुढच्या वर्षीही घालत असाल.

दुसरी: वास आणि रंग

पांढऱ्या कापसाने फक्त दिसणाऱ्या भागातला मळ टिपा आणि उजेडात बघा. फिकट तपकिरी, थोडा मेणचट, वास नसलेला मळ निरोगी कानातही असतो, त्याला हात लावायची गरज नाही. गडद तपकिरी, चिकट आणि आंबूस वासाचा असेल तर बहुतेक वेळा यीस्ट, म्हणजे एक प्रकारची सूक्ष्म बुरशी असते. कोरडा, काळपट, भुरभुरीत गाळ आणि प्रचंड खाज, त्यातून पिल्लू असेल तर कानातले सूक्ष्म किडे, म्हणजे माइट्स. पिवळा-हिरवा, पातळ आणि नकोसा कुजका वास असेल तर जिवाणू, आणि त्यातले काही फार चिवट असतात.

हा अंदाज आहे, निदान नव्हे. यीस्ट आणि जिवाणू एकाच कानात सुखाने नांदतात. तरीही रंग लिहून ठेवा आणि फोटो काढा. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत कुत्रा अर्धा मळ गाडीच्या सीटवर झटकून मोकळा होतो.

हिरवा, कुजका स्राव दिसला तर घरचं काम इथेच संपलं.

तिसरी: कॅलेंडर

घरच्या कालनिर्णयवर कान बिघडला त्या दिवशी खूण करा आणि शेजारी दोन शब्द: पोहला, आंघोळ, माळ, नवीन खाणं, गोचिडाची गोळी चुकली. वर्षभरात चित्र दिसायला लागतं. फक्त जून ते सप्टेंबर खुणा असतील तर ओल हे मोठं कारण. दिवाळीच्या आसपास आणि पुढे हिवाळ्यात एकेका कानाच्या खुणा असतील तर कुसळ. दरवर्षी त्याच महिन्यांत कानांबरोबर पंजे चाटणं, काखा आणि पोट लाल होणं दिसलं तर परागकण, बुरशी अशा हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी. बारा महिने सारख्याच खुणा असतील तर खाणं किंवा घरातली धूळ.

माझ्या मते हीच सगळ्यांत मोलाची तपासणी आहे आणि हीच सगळ्यांत कमी लोक करतात. डॉक्टरांना दहा मिनिटांत कान दिसतो, वर्ष दिसत नाही. ते तुम्हीच दाखवू शकता.

चौथी: बॅटरीच्या उजेडात कुसळ आणि गोचीड

दख्खनच्या माळावर कुसळी गवत मुबलक आहे. सासवड, जेजुरी, सुपे या पट्ट्यात दिवाळीनंतर नुसतं चालून आलात तरी पायमोजे भरतात. कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले बारीक केस. त्याची शेपटी ओल लागली की पीळ सोडते आणि वाळली की परत पीळ घेते. या हालचालीने कुसळ पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात गेलं की नळीतून पडद्याकडे, बोटांच्या मधे घुसलं की कातडीखाली वर वर.

ओळखायची खूण: फिरताना कुत्रा एकदम थबकतो, डोकं एका बाजूला धरतो आणि जोरजोरात झटकायला लागतो. टोक बाहेर स्पष्ट दिसत असेल तर चिमट्याने सरळ ओढून काढा. दिसत नसेल तर आत चिमटा घालू नका, तेल ओतू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दोन दिवसांनी झटकणं कमी झालं म्हणून बरेच जण निर्धास्त होतात. कुसळ खोल गेल्यावरही झटकणं कमी होतं, आणि मग आठवड्याभराने पू येतो.

माळावरून आल्यावर घरात शिरण्याआधी दोन मिनिटं द्या: पाळ्यांची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या, काखा, डोळ्यांच्या कडा. जीएसपीचे केस आखूड असल्यामुळे बोटं फिरवली तरी कुसळ लागतं. सेटरला मात्र कंगवाच हवा. त्याच्या कानाच्या आतल्या बाजूचे आणि कानाखालचे लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने कमी ठेवले तर वाराही लागतो. नळीतले केस उपटू नका, त्या जागा सुजतात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हाच त्रास फॉक्सटेल नावाच्या गवताने होतो. नाव वेगळं, खबरदारी तीच.

त्या माळावर कुत्रा मोकळा सोडू नका, हेही इथेच सांगते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे, पण पॉइंटरच्या नाकाला कायदा कळत नाही. तित्तिर, लावे, टिटव्या जमिनीवर अंडी घालतात आणि हा कुत्रा नेमका त्यांनाच शोधायला जन्मलेला आहे. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यासारख्या जागी तर त्याला नेऊच नका. शेताच्या बांधावर लांब दोरी लावून चालवा. कुसळही कमी लागतं.

गोचिडासाठी पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाजवळ बघा. तिथे कातडीची एक लहान दुहेरी घडी असते. गोचीड तिथे दडून बसते आणि वरवर पाहणाऱ्याला दिसत नाही. सापडली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. उदबत्तीचा चटका, रॉकेल, बोटांनी चिरडणं, हे काही नको. गोचिडापासून कानाला होणारा त्रास तसा किरकोळ. खरी भीती एर्लिकिया आणि बॅबेसिया या तापांची. कुत्रा मलूल, खाणं बंद, नाकातून रक्त किंवा लघवी गडद लाल-तपकिरी दिसली तर कानाचा विषय बाजूला ठेवून रक्ततपासणी करा.

गोचिडाच्या गोळ्या वजनानुसार मिळतात. काहींचा परिणाम महिनाभर राहतो, काहींचा बारा आठवडे. यातल्या बऱ्याच गोळ्या कानातल्या माइट्सवरही चालतात, म्हणून कानाच्या तक्रारीत गोळी कधी चुकली हे आधी बघते. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी देऊ नका. गुरांवर फवारायचं गोचिडाचं औषध कुत्र्याच्या कानात कधीही नाही.

पाचवी: पाणी गेलं कुठे

पोहून आल्यावर आपण पाठ पुसतो, पाय पुसतो आणि कान राहतो. क्रम उलटा करा. आधी पाळी उलटी करून डोक्यावर टाका, सुती कापडाने आतली बाजू आणि नळीचं तोंड बोट पोहोचेल तितकंच पुसा. मग कान वाळवणारं, कुत्र्यांसाठीचंच कानाचं द्रावण एकदा वापरा. घरी आंघोळ घालताना डोक्यावर पाणी ओतूच नका, ओल्या फडक्याने तोंड पुसलं तरी पुरतं. काही जण आंघोळीपुरता कापसाचा बोळा कानात ठेवतात. ठेवलात तर किती ठेवले ते मोजून तितकेच बाहेर काढा. आत राहिलेला ओला बोळा कुसळाइतकाच त्रास देतो.

नीरेच्या कालव्यालगत शेत असलेल्या एका कुटुंबाचा कुत्रा दर पावसाळ्यात दोन-तीनदा औषधावर असायचा. महागडे थेंब झाले, गोळ्या झाल्या. त्याचा दिनक्रम विचारला तर पहाटे कालव्यात उडी आणि मग ओल्याच कानांनी गोठ्यात दिवसभर झोप. पोहण्यानंतर कान पुसून वाळवायची सवय लागली आणि पुढचा पावसाळा कानाच्या तक्रारीविना गेला. सगळ्यांचं इतकं सोपं नसतं, पण ही पायरी ओलांडून कोणी थेट ॲलर्जीच्या चाचण्यांवर खर्च करू नये.

सहावी: साफ करायची पद्धत

कान कमी साफ केल्याने बिघडतो तसाच जास्त साफ केल्यानेही बिघडतो. रोज द्रावण घातलं तर आतली कातडी ओलसर राहून मऊ पडते आणि जंतूंना आयतीच वाट मिळते. निरोगी कानाला पोहल्यावर किंवा आंघोळीनंतर, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा एवढं पुष्कळ झालं.

बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार द्रावणाने कुत्रा दचकतो. पाळी वर सरळ धरा, नळी भरेल इतकं द्रावण सोडा, बाटलीचं टोक कानाला लावू नका. मग कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट चोळा, आतून पचपच आवाज आला पाहिजे. हात काढा, त्याला मनसोक्त झटकू द्या, वर आलेला मळ कापसाने टिपा. कानकोरणी किंवा इअरबड आत घालू नका, मळ वळणापलीकडे ढकलला जातो.

कान दुखरा, सुजलेला असेल किंवा पडदा शाबूत आहे की नाही हे कोणी पाहिलेलं नसेल, तर कोणतंही द्रावण घालू नका. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवसापासूनही साफसफाई थांबवा. तपासायला मळच उरला नाही तर ते तरी काय बघणार?

घरातल्या मोठ्यांचा सल्ला असतो, "कोमट तेलात लसूण टाकून घाल." माणसांच्या पोरांना घालायचे म्हणून कुत्र्यालाही. तेलाने ओल आतच कोंडली जाते आणि मळ घट्ट बसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, डेटॉल, तुरटीचं पाणी, बोरिक पावडर आणि माणसांचे कानाचे थेंब, या सगळ्यांना माझं उत्तर नाही असंच आहे. पडदा फाटलेला असेल तर जेंटामायसिन, निओमायसिन असे घटक असलेल्या थेंबांनी ऐकणं आणि तोल दोन्ही जाऊ शकतात. मागच्या वर्षीची उरलेली बाटली परत उघडू नये, त्याचं हेच कारण.

पोहणं बंद केल्यावर कुत्र्याचं काय करायचं

उपचार फसण्याचं एक कारण औषधांच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं. डॉक्टर सांगतात, दोन-तीन आठवडे पाणी बंद. जीएसपीचं पाणी बंद केलं की चौथ्या दिवशी तो घर डोक्यावर घेतो: चपला, गादी, बागेतली रोपं, काही सुटत नाही. वैतागून मालक म्हणतो, एकदाच नेऊन आणू. आणि ओल्या कानात औषधाचा कोर्स वाया जातो.

त्याचं पोहणं काढून घेतलं तर बदल्यात नाकाला काम द्या. जुना टॉवेल गुंडाळून दोरी बांधा, त्याला हुंगवा, तो दिसणार नाही असा लपवा आणि शोधायला सोडा. आधी घरात, मग गच्चीवर, मग आवारात वाऱ्याच्या दिशेने. वीस मिनिटं नाकाने शोधून ही जात जितकी थकते तितकी तासभर चालून थकत नाही. जेवण भांड्यात न देता कोरडं खाणं अंगणात विखरून द्या. पहाटे ऊन चढायच्या आत दोरीवर पळवा. "थांब" म्हटल्यावर पॉइंट धरून उभं राहायचा सराव करा. जन्मजात गुण आहे, त्याला तो मनापासून आवडतो.

याच दिवसांत कान हाताळू द्यायची सवयही लावता येते. ही कुत्री दिसायला दणकट, पण स्वभावाने हळवी. चौघांनी दाबून धरून औषध घातलं की पुढच्या वेळी बाटली बघूनच पलंगाखाली जातात. हनुवटी तुमच्या मांडीवर टेकवायला शिकवा, पाळी उचला, खाऊ द्या, सोडा. हनुवटी उचलली की आपणही हात काढायचा. तरीही चावायला येत असेल तर ते दुखणं आहे. जबरदस्ती नको, डॉक्टरांना वेदनाशामक किंवा गुंगीचं विचारा.

सातवी: सूक्ष्मदर्शकाखालची स्लाइड

इथून पुढे डॉक्टर. पण काय मागायचं हे ठाऊक असलं तर पैसे वाचतात. पहिली मागणी: कानातल्या मळाची स्लाइड. कापसाच्या काडीने मळ घेऊन काचपट्टीवर पसरतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम, खर्च थोडा. यीस्ट भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचं दिसतं, जिवाणू गोल किंवा काडीच्या आकाराचे. यीस्टवर प्रतिजैविक काही करत नाही आणि जिवाणूंवर बुरशीचं औषध. स्लाइड न बघता थेंब दिले तर ते लागू पडणं नशिबावर. "डॉक्टर, स्लाइड बघता येईल का?" एवढं नम्रपणे विचारलं तर कोणी चिडत नाही, आणि चिडलेच तर दुसरे डॉक्टर शोधा.

दोन्ही कानांची वेगवेगळी स्लाइड हवी, आणि औषध थांबवायच्या आधी परत एकदा. वास गेला, झटकणं थांबलं, म्हणजे कान बरा असं नसतं. सूज आधी उतरते, जंतू नंतर जातात. परत येणाऱ्या कानांतले कितीतरी कान मुळात बरेच झालेले नसतात.

आठवी: आत डोकावणं आणि कल्चर

कान सुजलेला असेल तर जागेपणी पडदा दिसत नाही. हलकी भूल देऊन, कान धुऊन, दुर्बिणीने वळणापलीकडे बघावं लागतं. कुसळ, गाठ, फाटलेला पडदा, सगळं तेव्हाच सापडतं. भूल म्हटलं की घरचे घाबरतात, पण एकच कान परत परत येत असताना हे टाळण्यात अर्थ नाही. स्लाइडवर काडीसारखे जिवाणू दिसले किंवा दोन औषधं फसली, तर स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून कोणतं प्रतिजैविक चालतं ते बघतात. यालाच कल्चर म्हणतात. निकालाला काही दिवस लागतात. तोवर अंदाजाने तिसरं औषध चालू करायचा आग्रह धरू नका.

नववी: खाणं, हवा, थायरॉइड

दोन्ही कान, शिवाय पंजे चाटणं, तोंड घासणं, पोट लाल होणं, असा कुत्रा ॲलर्जीचा समजून चालायचं. हवेतल्या ॲलर्जीची सुरुवात बहुधा सहा महिने ते तीन वर्षं या वयात होते. खाण्याच्या ॲलर्जीत गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू ही नावं वारंवार येतात. आपल्या घरांत दूध-पोळी आणि चिकन-भात हेच कुत्र्याचं जेवण असतं, हे लक्षात घ्या. रक्ताच्या चाचण्यांवरून खाण्याची ॲलर्जी भरवशाने कळत नाही. खात्रीचा मार्ग एकच: डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, कुत्र्याने पूर्वी कधी न खाल्लेलं किंवा खास प्रक्रिया केलेलं खाणं किमान आठ आठवडे. नंतर जुनं खाणं परत देऊन त्रास उलटतो का ते बघायचं, कारण त्याशिवाय सिद्ध काहीच होत नाही.

आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. आजोबांनी चहाबरोबर दिलेलं ग्लुकोजचं बिस्किट, कामवाल्या मावशींनी मायेने टाकलेला पोळीचा तुकडा, चिकनच्या चवीची गोचिडाची गोळी, यातल्या कशानेही चाचणी बिघडते. सुरू करायच्या आधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून सांगा. लग्नसराई किंवा गणपतीच्या दिवसांत सुरूच करू नका, पाहुणे ऐकत नाहीत.

मध्यमवयीन कुत्रा सुस्त झाला, कमी खाऊनही वजन वाढलं, केस विरळ झाले आणि कानही बिघडतात, असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी मागा. इंग्लिश सेटर असेल तर लवकरच मागा, त्या जातीत थायरॉइडचा विकार बराच आढळतो.

शेवटचा टप्पा: ऑपरेशन

वर्षानुवर्षं सुजत राहिलेली नळी आतून जाड होते, बंद होत जाते आणि शेवटी कूर्चा दगडासारखी कडक होते. बाहेरून दाबलं तरी ती टणक लागते. मग थेंब आत पोहोचतच नाहीत. अशा कानाची संपूर्ण नळी काढून टाकायचं ऑपरेशन असतं. त्या बाजूचं ऐकणं बहुतांशी जातं, पण सततची वेदना थांबते. हे काम नवख्या हाताचं नाही. चेहऱ्याची नस अगदी शेजारून जाते, त्यामुळे हे ऑपरेशन नेहमी करणाऱ्या शल्यचिकित्सकाकडेच जा आणि आधी सीटी स्कॅन होईल का ते विचारा.

जीएसपीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आठवणीने सांगायची. या जातीत आणि वायरहेअर्ड पॉइंटरमधे व्हॉन विलेब्रांड नावाचा रक्त न गोठण्याचा आनुवंशिक विकार आढळतो, आणि त्यांच्यात दिसणारा त्याचा 'टाइप २' हा प्रकार गंभीर असतो. पिल्लूपणी दात पडताना रक्त बराच वेळ थांबलं नव्हतं, नख कापल्यावर जमीन लाल झाली होती, नाकातून रक्त आलं होतं, असं काही घडलं असेल तर फुगलेल्या पाळीतून रक्त काढण्याआधी किंवा नळीच्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगा आणि रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या.